उपयोगाचा रकाना

रबरी फुग्याच्या घडीत पांढरी भुकटी होती. रबर रबराला चिकटू नये म्हणून कारखान्यातून निघताना मारतात ती. चार-पाच वेळा हातात दाबला की ती झडते आणि खालचा गडद लाल रंग दिसायला लागतो. हा फुगा आमच्या विभागात येऊन तीन वर्षं झाली होती, आणि भुकटी जशीच्या तशी होती. मी एका बोटाने तिला स्पर्श केला. ठसा उमटला.

"पुसू नका," सोनटक्के सर म्हणाले. "नवा आहे तो नवाच दिसू द्या. आणि परीक्षा संपली की मोजून परत. एकूण सहा आहेत."

त्यांनी काचेच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी, वैजयंती टेकाळे, रसायनशास्त्राची अधिव्याख्याती होते. तिसरं वर्ष होतं. दर जूनला माझ्या नेमणुकीची नवी ऑर्डर निघायची आणि त्यासाठी विभागप्रमुखांचा शेरा लागायचा. विभागप्रमुख म्हणजे सोनटक्के सर. यंदा कायम करण्याचं बोलणं चालू होतं.

एप्रिलचा महिना, बी.एस्सी. प्रथम वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा. पहिल्या तासाला 'स्पॉटिंग'. लांब टेबलावर दहा वस्तू मांडायच्या, प्रत्येकीपुढे आकड्याची चिठ्ठी. मुलं एकामागून एक सरकतात, दर दोन मिनिटांनी घंटा. उत्तरपत्रिकेत तीन रकाने: क्रमांक, नाव, उपयोग. नावाला अर्धा गुण, उपयोगाला अर्धा.

मांडणी माझ्याकडे होती. बीकर ठेवला. खल-बत्ता ठेवला. डेसिकेटर उचलायला गेले तर तो भरलेला होता. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं झाकणाचं भांडं. तळाशी ओल शोषणारं रसायन असतं, वर जाळी, आणि कोरडा ठेवायचा पदार्थ त्या जाळीवर. आमच्या जाळीवर ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे आणि सुपारीची डबी होती.

"रज्जाकभाई, हे रिकामं करा."

रज्जाकभाई म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. माझ्या जन्माच्या आधीपासून ते टेस्टट्यूब धूत होते. त्यांनी पुडे दोन्ही हातांनी उचलले. "सरांचा ऐवज कुठं ठेवू? बाहेर ठेवला तर सादळतो."

"कुठेही ठेवा."

"फ्यूम कपाटात ठेवला असता, पण तिथं जुने पेपर हायेत."

फ्यूम कपाट हे विषारी धूर बाहेर ओढून नेण्यासाठी असतं. मी काही बोलले नाही. तीन वर्षांत मी बऱ्याच गोष्टींवर काही बोलले नव्हते.

दहावी जागा उरली होती. तिथे काय ठेवावं याचा मी थोडा वेळ विचार केला आणि सरांकडे कपाटातला फुगा मागितला. तोच का मागितला ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. कपाटातल्या वस्तू फक्त विद्यापीठाची तपासणी समिती येणार त्या दिवशी बाहेर यायच्या. त्या दिवशी कंडेन्सर जोडून ठेवायचा, फ्लास्कमध्ये मोरचुदाचं निळं पाणी भरायचं, मुलांना डोळ्यांवर संरक्षक चष्मे लावून उभं करायचं. कंडेन्सर म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणारी नळी. तिच्या बाहेरच्या वेष्टणातून गार पाणी खेळत राहावं लागतं. आमच्या कंडेन्सरमधून पाणी कधी गेलंच नव्हतं, कारण नळालाच नव्हतं. समितीचे लोक चहा पिऊन "सुसज्ज" असं लिहून जायचे.

अकराला पहिली बॅच आली. वीस मुलं, त्यांत सहा मुली. द्वारका लोमटे चौथी होती. तिच्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. तो डिसेंबरपासूनचा.

बावीस डिसेंबर. कॉस्टिक सोड्याचं मूळ, तीव्र द्रावण पिपेटने दहा मिलिलिटर घ्यायचं आणि पाणी घालून शंभर करायचं, एवढाच प्रयोग. पिपेट म्हणजे मधे फुगीर असलेली काचेची नळी. ठरलेल्या मापाचं द्रव, थेंबाचा फरक न पडता उचलण्यासाठी. वरच्या टोकाला तोंड लावून ओढायचं आणि द्रव खुणेच्या वर आलं की चटकन बोट दाबायचं, असंच आमच्याकडे सगळे शिकले. मीही तशीच शिकले. अट एकच: खालचं टोक द्रवात बुडालेलं हवं. ते उघडं पडलं की हवा आत शिरते आणि नळीतलं सगळं एका झटक्यात तोंडात येतं.

सरांचा दंडक होता, चौघांत एक बीकर, आणि त्यात चौघांपुरतंच द्रावण. द्वारका त्या दिवशीही चौथी होती. बीकर तिरका धरून ती तळातलं उरलंसुरलं ओढत होती.

मला आधी काच फुटल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि बोटांतून लाळ गळत होती. मी तिला बेसिनकडे ओढत नेलं. नळ फिरवला. कोरडा.

"रज्जाकभाई, पाणी! वॉश बॉटल! लवकर!"

"सरांच्या खिडकीत आहे, मॅडम! मनीप्लँटपाशी!"

ते धावले. सरांच्या खोलीला आतून कडी होती. सर फोनवर बोलत होते. रज्जाकभाईंनी दार वाजवलं, थांबले, पुन्हा वाजवलं. शेवटी अंगणातल्या पिंपातून बादली भरून आणली. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी दोनदा पाहिलं होतं, म्हणून मला नक्की माहीत आहे. पाणी तिच्या तोंडात जायला चार मिनिटं लागली. कॉस्टिक सोड्याला चार मिनिटं पुष्कळ होतात.

द्वारका आठ दिवस दवाखान्यात होती. संक्रांतीला ती मला तिळगूळ द्यायला आली. "आजून चव लागत नाही, मॅडम," तिने सांगितलं. "नुसता खरखरीत लागला." आणि हसली, म्हणजे ओठाच्या उजव्या बाजूने हसली.

अपघाताच्या रजिस्टरमध्ये त्या संध्याकाळीच नोंद झाली.

एवढं होऊनही ती प्रयोगशाळेत परत आली, कारण तिला प्रयोगशाळेतच काम करायचं होतं. जिल्ह्याच्या गावी रक्त-लघवी तपासण्याचा कोर्स होता. जूनमध्ये प्रवेश, आणि त्याला प्रथम वर्ष पास झाल्याचं गुणपत्रक लागायचं. तिच्या आईने घरातल्या माणसांकडून तिच्यासाठी एक वर्ष मागून घेतलं होतं. एकच. हे तिने मला न विचारता सांगितलं होतं, फॉर्म दाखवताना.

तर परीक्षेच्या त्या दिवशी घंटा वाजत होती, मुलं सरकत होती. द्वारका प्रत्येक वस्तूपुढे थांबली, नीट पाहिलं आणि लगेच लिहिलं. फुग्यापाशी मात्र तिने पेन टेकवलं नाही. फुग्यावर माझ्या बोटाचा ठसा होता, त्याकडे ती पाहत राहिली. घंटा व्हायच्या जरा आधी तिने दोन ओळी लिहिल्या.

बाराला उत्तरपत्रिका घेऊन आम्ही सरांच्या खोलीत बसलो. बहिःस्थ परीक्षक अष्टपुत्रे सर जिल्ह्याहून आले होते. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, बोलायला गोड, आणि सकाळपासून तीनदा त्यांनी चारच्या बसची चौकशी केली होती. रज्जाकभाईंनी चहा आणला. अष्टपुत्रे सरांना अडीचशेच्या बीकरमध्ये, सोनटक्के सरांना शंभरच्या, वर वॉच ग्लासचं, म्हणजे काचेच्या छोट्या बशीचं, झाकण.

अष्टपुत्रे सर पेपर चाळत होते. एकाएकी ते थांबले आणि गदागदा हसायला लागले.

"हे ऐका. क्रमांक एक, बीकर. उपयोग: 'सोनटक्के सरांचा चहा. पाहुणे आल्यास मोठा बीकर.'" त्यांनी हातातला बीकर डोळ्यांसमोर धरला. "बरोबर आहे की हो! क्रमांक तीन, खल आणि बत्ता. 'चहात टाकायचे वेलदोडे कुटणे.'" त्यांनी चहाचा वास घेतला. "हेही बरोबर!"

सोनटक्के सर हसले नाहीत. "कोणाचा पेपर आहे?"

"क्रमांक पाच, डेसिकेटर. 'सरांची बिस्किटे व सुपारी सादळू नये म्हणून.'"

"इकडे द्या."

सरांनी पेपर ओढून घेतला आणि वाचला. त्यांचे कान लाल झाले. मग तो त्यांनी माझ्यापुढे टाकला. "बघा तुमची लाडकी. लोमटे."

मी वाचलं. सगळी नावं अचूक होती, इंग्रजीत, स्पेलिंगसकट. उपयोग मराठीत. वॉश बॉटल: 'मनीप्लँटला पाणी घालणे.' ब्युरेट: 'द्रव थेंब थेंब मोजून सोडण्यासाठी. आठ जणांत एक असल्याने मी दोनदा वापरली.' कंडेन्सर: 'समिती येणार असेल त्या दिवशी जोडून ठेवणे.' रासायनिक तराजू: 'काचेतून बघण्यासाठी. दार उघडू नये.' यात थट्टेचा एकही शब्द नव्हता. लेखनिकाने यादी करावी तसं सरळ अक्षर होतं.

दहाव्या क्रमांकापुढे लिहिलं होतं: 'रबरी फुगा. पिपेटमध्ये तोंड न लावता द्रव ओढण्यासाठी. हा आपल्या कपाटात होता, हे मला बावीस डिसेंबरनंतर कळले.'

मी पेपर खाली ठेवला.

"कागद घ्या, टेकाळे मॅडम," सोनटक्के सर म्हणाले. "परीक्षेत गैरवर्तन. विद्यापीठाला कळवून टाकू. निकाल राखून ठेवतील, मग बसेल घरी वर्षभर. लिहा: सदर विद्यार्थिनीने परीक्षेची व गुरुजनांची हेटाळणी..."

"सर, तिचं प्रवेशाचं..."

"तिचा प्रवेश मी का बघू? आज हिला सोडली तर उद्या सगळे लिहितील. दिवाणखान्यातसुद्धा चांगले कप आपण पाहुण्यांसाठी ठेवतोच ना? रोज वापरायला काढले तर समितीला काय दाखवणार? फुटके बीकर? कॉलेजचं नाव राखण्यासाठी करतो मी हे. माझ्या घरी नेलंय का एखादं?"

हे ते मनापासून म्हणत होते. मला तेव्हा सर्वांत जास्त संताप त्याचाच आला.

"दोघांच्या सह्या लागतात," अष्टपुत्रे सर हळूच म्हणाले. त्यांनी बीकर टेबलाच्या कडेला सरकवून ठेवला होता. "अंतर्गत परीक्षक तुम्ही. तुम्ही केलीत तर मी करतो. नाही केलीत तर... मला काय, मी बाहेरचा माणूस. फक्त चारच्या आत बघा."

"लिहा," सोनटक्के सर पुन्हा म्हणाले.

हा शब्द मी याच खोलीत, याच खुर्चीवर बसून एकदा ऐकला होता. तेव्हा लिहिलं होतं.

"पाच मिनिटांत येते," मी म्हणाले आणि उठले.

द्वारका व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. मला पाहून उभी राहिली.

"तुला उपयोग येत नव्हते का गं?"

"येतात की." ती बोटांवर मोजत एका दमात म्हणाली, "बीकर द्रव ठेवायला, ढवळायला, तापवायला. मापाला नाही, त्याच्या खुणा अंदाजाच्या असतात. वॉश बॉटल भांडं धुवायला आणि साका फिल्टरवर उतरवायला. डेसिकेटर तापवलेला पदार्थ कोरड्या हवेत गार करायला, तो उघड्यावर ठेवला तर ओल धरतो आणि वजन चुकतं. तराजू..."

"पुरे. मग हे का लिहिलंस?"

"तुम्हीच सांगितलं होतं, मॅडम. नऊ पॉइंट चार."

मला लगेच आठवलं. ऑगस्टमधला प्रयोग होता. सगळ्या वर्गाचं रीडिंग दहा पॉइंट दोन आलं होतं, कारण ते एका हुशार मुलाच्या वहीतून फिरलं होतं. एकटीचं नऊ पॉइंट चार. ती रडकुंडीला आली होती. मी तिची वही वर्गाला दाखवली होती आणि सांगितलं होतं की डोळ्याला दिसलं ते लिहायचं. पुस्तकातलं उत्तर माहीत असलं तरी रीडिंग बदलायचं नाही. चुकलं तर खोडरबर लावायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची.

"मी जे बघितलं तेच लिहिलं," द्वारका म्हणाली. "बीकरमध्ये दुसरं काय ठेवलेलं मी जास्त बघितलंय?"

"याने तुझं वर्ष जाईल. कळतंय का तुला?"

"कळतंय." तिने ओठाचा कोपरा दातांखाली धरला. "मॅडम, एक सांगू? रागवू नका. ते अपघाताचं रजिस्टर मी वाचलंय. जानेवारीत टेबलावर उघडंच होतं."

मी पायरीवर बसले.

"'विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे,'" ती म्हणाली. "'पुरेशी साधने उपलब्ध असूनही.' अक्षर तुमचं आहे."

"हो."

"आधी वाटलं खोडून टाकावं. पेन होतं हातात. पण दुसऱ्याचं रीडिंग आपण खोडायचं नसतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती मला नियम सांगत होती, आणि तो मीच तिला शिकवला होता.

बावीस डिसेंबरच्या संध्याकाळी सरांनी सांगितलं आणि मी लिहिलं. दवाखान्यात तिच्या आईने माझे हात धरले होते, "मॅडम होत्या म्हणून वाचली" म्हणाली होती. तेव्हाच मी ठरवलं की उद्या ती नोंद बदलायची. दुसऱ्या दिवशी सरांकडे माणसं बसली होती. मग नाताळची सुट्टी लागली. संक्रांतीनंतर बघू म्हटलं. मार्चमध्ये शेरे लिहायचे होते, तेवढे होऊन जाऊ देत म्हटलं. चार महिने रोज सकाळी मी त्या कपाटावरून गेले. सहा फुगे काचेआड एका रांगेत बसलेले असायचे, आणि पलीकडे वीस मुलं पिपेटला तोंड लावून ओढत असायची. मी त्यांना सांगायचे, टोक बुडालेलं ठेवा बरं का.

"तू इथेच थांब," मी द्वारकेला म्हणाले.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पुढची बॅच जमायला लागली होती. त्यांना आधी स्पॉटिंग नव्हतं, अनुमापन होतं, द्रावणं थेंबाथेंबाने मोजून मिसळायची. म्हणजे पिपेट.

मी आधी प्रयोगशाळेत गेले आणि रजिस्टर घेतलं. रज्जाकभाई टेबल पुसत होते. त्यांनी माझ्या हातातलं रजिस्टर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातलं लाल पेन काढून पुढे केलं.

सरांच्या खोलीत कोरा कागद माझ्या जागेवर मांडून ठेवलेला होता. अष्टपुत्रे सर घड्याळाकडे बघत होते.

"आलात? बसा. लिहा," सोनटक्के सर म्हणाले.

मी बसले नाही. रजिस्टर त्यांच्या टेबलावर उघडलं, बावीस डिसेंबरचं पान काढलं आणि माझ्याच दोन ओळींवर एक लाल रेघ मारली. खालचं वाचता येत होतं. शेजारी सही केली, तारीख घातली.

"हे काय करताय तुम्ही?" सर उठून उभे राहिले. "मॅडम, जून लांब नाही. विचार करा."

"चार महिने केला."

मग मी द्वारकेचा पेपर ओढला. दहाही ओळींपुढे एकेक बरोबरची खूण केली. वर आकडा लिहिला आणि पेपर अष्टपुत्रे सरांपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दहापैकी दहा?"

"एकही उत्तर चुकीचं असेल तर दाखवा, सर. मी गुण कापते."

ते रिकाम्या बीकरकडे पाहत राहिले. मग खिशाला हात लावून पेन शोधू लागले.

"टेकाळे मॅडम," सोनटक्के सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला नोकरी हवी आहे की नाही?"

माझा आवाज मोठा नव्हता. तो कधीच मोठा नसतो. पण दार उघडं होतं, आणि व्हरांड्यातली सगळी मुलं एकदम गप्प झालेली मला कळली.

"निष्काळजीपणा द्वारकेचा नव्हता, सर. साधनं कुलपात ठेवली तुम्ही, आणि ती उपलब्ध होती असं खोटं लिहिलं मी. ते मी आता खोडलंय. खरं काय घडलं ते आज विद्यापीठाला लिहिणार आहे, माझ्या सहीने. तुम्हाला हवा तो शेरा तुम्ही मारा. पण आधी कपाटाची किल्ली द्या. दुसरी बॅच दारात उभी आहे, आणि तिच्यातलं एकही पोर आज पिपेट तोंडात धरणार नाही."